थंड खोलीतलं घड्याळ

दोन हजार नऊ साल होतं. उन्हाळा सरता सरता एका सोमवारी सकाळी, चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्याच्या दारात, तिनं हजेरीच्या यंत्राला कार्ड टेकवलं आणि लाल दिवा लागला. इतकी वर्षं हिरवाच लागत आला होता. त्याच्याकडे तिनं कधी पाहिलंही नव्हतं, जसं रोजच्या जिन्याच्या पायऱ्यांकडे कोणी पाहत नाही. पण असायला हवी तिथे पायरी नसली की पाय पोकळीत पडतो, तसं झालं. तिनं कार्ड बाहीला पुसून पुन्हा टेकवलं. लालच. त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'उशीर'. तिला वाटलं, कोणीतरी चारचौघांत आपलं नाव घेऊन विचारलं, इतका वेळ कुठे होतात? मागे रांग होती. रांगेत घासणखात्याचे मिस्त्री होते, आणि संधी सोडतील तर ते मिस्त्री कसले. "काय हो थंडीबाई," ते म्हणाले, "काल रविवारी तुम्ही यंत्रं हलवलीत की सूर्य हलवलात?" सगळे हसले. मग मिस्त्रींनी आपलं कार्ड टेकवलं. लाल. त्यांच्या मागच्याचं लाल, पुलापलीकडून येणाऱ्या पॉलिशच्या बायकांचं तर ओळीनं लाल, आणि हसू दारातच विझलं. तीन लाल दिव्यांना अर्ध्या दिवसाचा पगार जायचा, हे तिथे सगळ्यांना पाठ होतं.

थंडीबाई हे तिचं कारखान्यातलं नाव. संगणकांच्या खोलीची राखण तिच्याकडे. ती खोली यंत्रांसाठी बाराही महिने गार ठेवावी लागे, म्हणून भर उन्हाळ्यातही तिच्या अंगात करडा स्वेटर असायचा आणि दुपारी जेवायला बाहेर आली की चष्म्याच्या काचांवर वाफ धरायची. सोळा वर्षं ती त्या गारव्यात बसली होती. खोलीत डझनभर यंत्रं, उभ्या कपाटांसारखी, भिंतीला पाठ लावून. ऑर्डरींचं एक, पगाराचं एक, मालाच्या कोठाराचं एक, टपालाचं एक, आणि कोपऱ्यात सगळ्यांत महत्त्वाचं, घासणीच्या हिशेबाचं. डॉक्टरांनी लिहून दिलेला डोळ्यांचा नंबर त्या यंत्रात गेला की कोणती काच किती वक्र घासायची, ते आकडे बाहेर यायचे आणि थेट मिस्त्रींच्या चाकांपर्यंत पोहोचायचे. एका कामाला एक यंत्र हा खोलीचा जुना कायदा. कधीकाळी दोन कामं एका यंत्रावर ठेवली होती, तेव्हा पगाराच्या प्रोग्रामनं हातपाय गाळले आणि जाताना ऑर्डरींनाही घेऊन गेला. तेव्हापासून ज्याला त्याला स्वतंत्र चूल. तिला त्या प्रत्येकाचा आवाज ओळखू यायचा. कोठाराचं यंत्र घोरायचं, टपालाचं मधूनच खाकरायचं, आणि घासणीचं मात्र एका सुरात गुणगुणायचं, जसं काम करता करता आई गुणगुणायची, शब्द नसलेलं काहीतरी. ती आत शिरली की आधी डोळे मिटून ऐकायची. कोणाचा सूर चढलाय, कोणाचा पंखा घासतोय, हे तिला दिवा लावायच्या आधी कळायचं. घरी रात्री शांततेत झोप यायची नाही, आणि सुट्टीच्या दिवशी कान उगीचच कशाची तरी वाट पाहत राहायचे.

मालकांच्या धाकट्या मुलीनं कारभार हाती घेतला आणि पहिल्याच महिन्यात त्या खोलीच्या दारात उभं राहून, हात काखेत धरून, कुडकुडत विचारलं, "ताई, ही सगळी इतकं काम करतात?" सगळे तिला धाकट्या बाई म्हणत. वयानं ती थंडीबाईंच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून थंडीबाईंनी सांगून टाकलं, "नाही. बराच वेळ नुसती जागी असतात." ते खरंच होतं. पगाराचं यंत्र महिन्यातून दोन दिवस घाम गाळायचं आणि बाकीचे दिवस सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं ऐटीत बसून वीज खायचं. त्यांना गार ठेवायला जी वीज लागायची ती यंत्रांच्या विजेहून जास्त. चहापेक्षा किटली गरम म्हणतात तसं. दुसऱ्या गावात शाखा काढायची ठरली तेव्हा नव्या यंत्राची वाट पाहण्यात सगळा हंगाम निघून गेला होता, आणि ते आलं तेव्हा त्याला ठेवायला खोलीत जागा नव्हती. आणि घासणीचं यंत्र तर असं म्हातारं की त्याचे सुटे भाग बनवणारी कंपनीच बुडाली होती. एकदा त्याची पेटी बदलली होती, आतला ऐवज जसाच्या तसा नव्या पेटीत ओतून. आता तीही पेटी थकली होती. ते ज्या दिवशी डोळे मिटेल त्या दिवशी चाकं थांबणार, आणि चाकं थांबली की ही दीडशे माणसं काय करणार, हा प्रश्न धाकट्या बाई उघड विचारायच्या आणि थंडीबाई मनात.

उपाय होता. तो घेऊन एक टकलू, हसरा इंजिनिअर आला. तो सारखा बिस्किटं खायचा आणि बोलता बोलता डझनभर यंत्रं दोन पेट्यांत नाहीशी करून दाखवणार होता, म्हणून मिस्त्रींनी त्याचं नाव जादूगार ठेवलं. त्यानं समजावलं ते असं: दोन दणकट यंत्रं घ्यायची, आणि जुनी डझनभर त्यांच्या पोटात ठेवायची. लोखंडासकट नव्हे, नुसतं त्यांचं असणं. प्रत्येकाला वाटत राहील की आपण स्वतंत्र यंत्र आहोत, आपला पंखा आहे, आपली चकती आहे. एक आजारी पडलं तर शेजाऱ्याला शिंकही येणार नाही. दोन्हींतलं एक अख्खं यंत्र बंद पडलं तर सगळी बिऱ्हाडं दुसऱ्यात उठून जातील. नवं काम निघालं की यंत्र विकत आणायचं नाही, नुसतं मांडायचं, दुपारच्या चहाआधी. काही धाडस करायचं असेल तर आधी तसंच्या तसं दुसरं उभं करून त्यावर करून पाहायचं. बिघडलं तर पुसून टाकायचं. "आणि तुमचं ते म्हातारं," बिस्किटाचा चुरा झटकत तो म्हणाला, "त्याला तर आपण जसंच्या तसं उचलायचं. त्याला कळणारसुद्धा नाही, ताई, की आपण हललोय."

हे शेवटचं वाक्य तिच्या अंगाला चिकटून राहिलं. कारण त्याच आठवड्यात दादाचा फोन आला होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात स्थिरावलेला, बोलण्यात नेहमी थोडा घाईत. "आईसाठी आश्रमात खाट मिळतेय. चांगला आहे आश्रम, बाग आहे. महिनाअखेरपर्यंत ते थांबतील." आणि तिला बोलू न देता तो म्हणाला, "अगं, तू तरी काय करणार? सकाळी तुला वेळेवर जायचं. मध्येच एखादं यंत्र रुसलं की तू रविवारीसुद्धा पळतेस. तुझा जीव त्या खोलीत. आईला आंघोळ कोण घालणार?" यात खोटं काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत एकटी राहायची. हिवाळ्यात न्हाणीघरात पडली, हाड वाचलं पण धीर मोडला. आता कोणी हात धरल्याशिवाय ती पाण्याला जात नव्हती. येणारी बाई कधी यायची, कधी नाही. थंडीबाईंना आईला आपल्या घरी आणायचं होतं. एवढीच इच्छा होती आणि तीच जमत नव्हती, कारण आईला सकाळी ऊन वर आल्यावरच अंगात शक्ती यायची आणि कारखान्याचा भोंगा त्याच्या आत वाजायचा. आणि दुसरी भीती होती ती कोणाला सांगण्यासारखीही नव्हती: खोलीच गेली तर खोलीच्या राखणदाराचं काय? यंत्रं दोन पेट्यांत मावणार, मग त्यांच्याबरोबर आपण कुठे मावणार? म्हणजे आईला आश्रमात ठेवून जी नोकरी सांभाळायची, तीच उद्या हातात नसली तर? तेलही गेलं, तूपही गेलं.

रविवारी दुपारी तिनं आईला हे सगळं सांगितलं होतं, यंत्रांपुरतं. जादूगाराचं जुन्या यंत्रांतला ऐवज नव्या पेट्यांत उतरवणं चालू होतं, ते संपेपर्यंत कारखान्यात नुसतं बसून राहायचं, त्यापेक्षा ती आईकडे जाऊन आली. आई खिडकीशी खुर्चीत, पायांवर ऊन घेऊन. "मग ती यंत्रं गेली कुठे?" आईनं विचारलं. "एका मोठ्या घरात सगळ्यांनी बिऱ्हाडं केली, आई. मधे भिंती आहेत पण दिसत नाहीत. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच राहतो." आईनं विचार केला. "आणि भांडण झालं तर?" "ज्याचं भांडण त्याच्याच घरात. बाहेर ऐकू येत नाही." "पाणी कमी पडलं तर?" "ज्याला जास्त लागतं त्याला जास्त सोडायचं, बाकीच्यांना कमी. तेवढ्यापुरतं." आई हसली, बिनदातांचं, सगळा चेहरा गोळा होणारं हसू. "मेलं, यंत्रांना जमतं, मग माणसांना का नाही?" आणि मग, कोणी काही बोललं नसताना, ऊन सरकलं तशी पाय सरकवत म्हणाली, "मला हलवलंत ना, तर मला मात्र कळेल हो. मी काही यंत्र नाही." दादानं आईला आश्रमाचं सांगितलं होतं की काय, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. आई बोलायची ते कधी कोणाला उत्तर असायचं, कधी भिंतीवरच्या सावलीला.

संध्याकाळ व्हायच्या आधी ती कारखान्यात परत आली तेव्हा नव्या पेट्यांत सगळं जिवंत झालं होतं. जादूगारानं पडद्यावर एकेक नाव दाखवलं. कोठार, पगार, टपाल, घासणी. ज्याची त्याची हिरवी टिकली. मिस्त्रींना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी एक नंबर घातला, आकडे बाहेर आले, काच घासली, मापाला लावली. एका केसाचा फरक नाही. "आता जुनी बंद करा," जादूगार म्हणाला, "मान तुमचा." तिनं एकेकाची कळ दाबली. घोरणारं गेलं, खाकरणारं गेलं. शेवटी घासणीचं. त्याचा सूर लगेच थांबला नाही. पायरी पायरीनं खाली उतरत गेला, पार जमिनीपर्यंत, आणि मग खोलीत असं काहीतरी आलं जे तिनं तिथे कधी ऐकलं नव्हतं. आपला श्वास. भिंतीवरच्या नळीतून गळणारा थेंब. आणि मागच्या भिंतीला, गारवा टिकावा म्हणून फळी ठोकून बंद केलेली एक खिडकी होती, तिच्या कडेनं आत येणारी सोन्याच्या तारेसारखी उजेडाची रेघ. ती रेघ सोळा वर्षं तिथेच असणार. आवाजामुळे आपण ती पाहिली नाही, असं काहीतरी वेड्यासारखं तिच्या मनात आलं. कानांना उजेड दिसत नाही हे तिला माहीत होतं. तरीही.

आणि आता सोमवार, आणि लाल दिवा. तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिला उलगडा झाला. इतका साधा, की उलगडा म्हणायचीही लाज वाटावी. कारखान्याचं घड्याळ नेहमीच दहा मिनिटं मागे होतं. हजेरीचं यंत्र, भोंगा, भिंतीवरची घड्याळं, सगळी आपली वेळ घासणीच्या यंत्राकडून घ्यायची, आणि घासणीचं यंत्र मागे होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं. 'बाहेरची वेळ' आणि 'आतली वेळ' अशा दोन वेळा तिथे नांदत होत्या. दहा मिनिटं उशिरा आत जायचं, दहा मिनिटं उशिरा बाहेर पडायचं, हिशेब बरोबर. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मनगट हलवून पाहायचा, आठवड्यात सरावायचा. मालसुद्धा त्याच वेळेनं निघायचा आणि गाडीवाला कडेला विडी ओढत उभा राहायचा. आता नव्या पेटीनं आपल्या पोटातल्या सगळ्यांना खरी वेळ देऊन टाकली होती.

जादूगार आला आणि पडद्यात डोकं घालून बसला. मग बिस्किट हातात तसंच धरून म्हणाला, "ताई, गंमत बघा. तुमचं म्हातारं घड्याळ काही थकलेलं नव्हतं. त्याच्यात कोणीतरी एक बारकंसं काम लावून ठेवलंय. रोज सकाळी कारखाना उघडायच्या आधी ते वेळ ओढून खऱ्या वेळेच्या दहा मिनिटं मागे ठेवतं. ते आपल्यासोबतच इकडे आलंय. आजही त्यानं ओढली. पण खालची पेटी, जिच्या पोटात ते आता राहतं ती, लगेच वेळ पुढे ढकलते. बिचारं ओढतंय, ती ढकलतेय. रस्सीखेच चाललीय पहाटेपासून." "कोणी लावलं ते?" धाकट्या बाईंनी विचारलं. जादूगारानं खांदे उडवले. पण थंडीबाईंना कळलं होतं. त्या यंत्रात हात घालणारा तिच्याआधी एकच माणूस होता.

त्याला सगळे गणिती म्हणायचे. उंच, वाकलेला, बोटांना सदैव खडूची पूड. घासणीचा सगळा हिशेब त्याच्या डोक्यातून निघालेला. ती नोकरीला लागली तेव्हा तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मुलगी दोन वर्षांची होती. मुलीला पाळणाघरात सोडताना रोज तेच: मुलगी बोट सोडायची नाही. एकेक बोट सोडवावं लागायचं, आणि पाचवं सोडवेपर्यंत पहिलं पुन्हा गुंडाळलेलं. मग ती धावत सुटायची, पूल, चौक, फाटक, छाती भात्यासारखी. आणि कार्ड टेकवलं की हिरवा दिवा. रोज. तिला वाटायचं आपण धावलो म्हणून पोहोचलो. पहिल्या महिन्यात तिनंच ते घड्याळ मागे पडलेलं पाहून दोनदा बरोबर लावलं होतं, नव्या माणसाच्या उत्साहानं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे. तेव्हा गणिती तिच्यामागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला होता, "राहू दे ग. म्हातारं यंत्र आहे, त्याला त्याच्या चालीनं चालू दे." तिनं राहू दिलं. आणि आज, सोळा वर्षांनी, त्या गार खोलीत उभं असताना तिला आठवलं, तेव्हा ते यंत्र म्हातारं नव्हतंच. त्याच्यावरचं पातळ प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

कारखाना सुटल्यावर ती त्याच्याकडे गेली. निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. तळमजल्यावरची एक खोली, दारात कुंड्या, आत एकच खुर्ची. ती तिला देऊन तो पलंगावर बसला. वाटेत तिनं मनातल्या मनात आभाराची वाक्यं जुळवली होती आणि वयाला न शोभणारी अशी एक ऊबही तिच्या पोटात कुठेतरी धरली होती. इतक्या वर्षांत आपल्यासाठी कोणी रोज सकाळी काहीतरी करत होतं, आणि सांगत नव्हतं. तिनं विचारलं. गणिती खो खो हसला, खोकला लागेपर्यंत. "पकडलं म्हणायचं शेवटी! कोणी?" "नव्या यंत्रानं." "हां, म्हणजे माणसानं नाही. बरं झालं." मग तिचा चेहरा पाहून, "तुला काय वाटलं, तुझ्यासाठी केलं? अगं, माझ्यासाठी! माझी आई होती ना तेव्हा. अंथरुणाला खिळलेली. तिला पुसून, कपडे बदलून, चहा पाजून निघायचं म्हणजे... आणि मोठे मालक, देव त्यांचं भलं करो, दारात उभे. मी काय करणार? मला यंत्राशीच बोलता येत होतं, त्यालाच सांगितलं." तिचे कान तापले. पोटातली ऊब जरा ओशाळली. ती हसली, कुंड्यांचं कौतुक केलं, चहाला नाही म्हणाली, आणि चपला घालत होती तेव्हा आतून त्याचा आवाज आला, कपबशी विसळता विसळता, जणू कुंड्यांबद्दलच बोलतोय, "आधी पाचच मिनिटं होती हो. तू यायला लागलीस, नि धापा टाकत यायचीस, त्या मुलीचं बोट... मग मी दहा केली." तिनं मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर दोघांनाही काय करावं ते कळलं नसतं. ती पुलापर्यंत चालत आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. खाली पाणी संथ, वरून माणसांची गर्दी घरी चाललेली. या गर्दीत कितीजणांना माहीत असेल की कोणी कुठे आपल्यासाठी दहा मिनिटं मागे ओढतंय? आणि आपण? आपण कोणासाठी ओढली? आईच्या न्हाणीघरातला ओला वास तिला तिथे पुलावर आला, कोमट पाण्याचा, साबणाचा, जुन्या भिंतीचा. मोठ्या मालकांच्या काळात त्या माणसाला चोरून वेळ घ्यावी लागली. आपल्याला मागता येईल का? आयुष्यात तिनं कारखान्याकडे मागितलेली एकच वस्तू म्हणजे तो करडा स्वेटर, तोही दुसऱ्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी धाकट्या बाईंच्या खोलीत बैठक होती. मिस्त्री, जादूगार आणि ती. मिस्त्री आल्याआल्याच तापले, "बाई, पोरींचं तोंड बघवत नाही. पुलापलीकडची गाडीच आता भोंगा झाल्यावर येते. घड्याळ होतं तसं करा, नाहीतर गाडीवाल्याला नोकरीवर घ्या." जादूगार म्हणाला, एका टिचकीचं काम आहे, खालच्या पेटीला सांगायचं की या एकाच्या वेळेत लुडबुड करू नकोस. धाकट्या बाई पेनाचं टोपण उघडत-मिटत होत्या. "नाही. आता दुसऱ्या शाखेच्या ऑर्डरी याच पेट्यांत येतात. तिकडे एक वेळ, इकडे दुसरी, उद्या कोणाची काच आधी आली हेच कळणार नाही. खोट्या घड्याळावर धंदा चालत नाही." "इतकी वर्षं चालला की!" मिस्त्री म्हणाले. आणि मग थंडीबाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला, त्या बंद पडलेल्या खोलीत श्वास ऐकू आला होता तसा, अचानक, जवळून. "घड्याळ खरं ठेवा, बाई. खरंच हवं. पण ती दहा मिनिटं काढून घेऊ नका. भोंगाच दहा मिनिटं उशिरा लावा, उघड, सगळ्यांना सांगून. सुटायचंही तेवढंच पुढे. धंद्याचं काही जात नाही. आजवर चोरून होतं, आता राजरोस." टोपण थांबलं. मिस्त्रींनी तिच्याकडे असं पाहिलं जसं कपाटच बोललं. थांबली असती तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून ती थांबली नाही. "आणि माझं आणखी एक. आता यंत्रांना हात लावून बघावं लागत नाही. जादूगार म्हणतात घरच्या संगणकावरूनही सगळी दिसतात, पडलेलं उठवता येतं. मला सकाळच्या वेळी घरून काम करू द्या. माझी आई आहे. तिला आंघोळ घालायची असते." शेवटचं वाक्य फारच बारीक निघालं.

धाकट्या बाईंनी टोपण टेबलावर ठेवलं. मग त्यांनी जे विचारलं ते तिला अपेक्षित नव्हतं. "म्हणजे तुम्ही सोडून जाणार नाही?" "मी? कुठे?" "अहो ताई, वर्षभर मी हे काम पुढे ढकललं ते कशामुळे? मला वाटायचं, खोली गेली की तुम्ही जाल. आणि तुम्ही गेलात तर त्या पेट्यांतलं कोण कोण काय बोलतं, ते मला कोण सांगणार?" थंडीबाईंना हसू आलं, आणि हसू आवरता आवरता डोळ्यांत पाणी. काखेत कळसा नि गावाला वळसा. एक वर्ष दोघी एकाच भीतीच्या दोन बाजूंना बसून राहिल्या होत्या, मधे न दिसणारी भिंत. "भोंगा पुढे," धाकट्या बाई म्हणाल्या, "कालचे-आजचे लाल दिवे पुसा. आणि सकाळी घरूनच बघा." मिस्त्री उठता उठता म्हणाले, "मग थंडीबाई, आता घरी बसून स्वेटर कोणाला घालणार?" "आईला," ती म्हणाली.

दादाला तिनं फोन केला, खाट नको म्हणून. तो आधी रागावला, मग म्हणाला, "खरंच जमेल?" आणि त्या दोन शब्दांत त्याचाही जीव भांड्यात पडल्याचं तिला ऐकू आलं. महिना संपायच्या आत आईला आणलं. तिनं खोली तशीच लावली: खिडकी डाव्या हाताला, खुर्ची खिडकीशी, पाण्याचा तांब्या उजवीकडे, भिंतीवर तोच जुना आरसा त्याच उंचीवर. जसंच्या तसं उचलायचं. आई खुर्चीत बसली, हात फिरवला, तांब्या चाचपला, आरशाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मला फसवू नकोस. इथला उजेड वेगळा आहे." थंडीबाई काही बोलणार, तोच आईनं पाय पुढे सरकवले, ऊन घ्यायला. "पण बराय."

पुढे सगळ्यांचं काय झालं ते असं. आई त्या खुर्चीत आणखी पाच उन्हाळे बसली. शेवटी शेवटी तिला मुलगी कोण ते आठवायचं नाही, पण आंघोळीची वेळ आठवायची. दादा निवृत्त झाल्यावर दर सुट्टीत येऊ लागला आणि आईचे केस विंचरायला शिकला. मिस्त्रींनी चाकं सोडली तेव्हा जाताना हजेरीच्या यंत्राला वाकून नमस्कार केला. जादूगाराचं वजन वाढलं आणि त्याची स्वतःची कंपनी झाली. तिथे नव्या माणसांना तो पहिलं वाक्य शिकवतो म्हणे, हलवण्याआधी घड्याळ विचारा. धाकट्या बाईंनी आणखी तीन शाखा काढल्या, प्रत्येकीची यंत्रं चहाआधी मांडून झाली, आणि घासणीचा तो जुना हिशेब अजून त्यांच्या पोटात चालतो आहे. चौथ्यांदा पेट्या बदलल्या, त्याला पत्ताही नाही. गणिती गेला तेव्हा थंडीबाई पोहोचल्या आणि त्याच्या कुंड्या घरी घेऊन आल्या. त्यांची मुलगी दूर देशात असते, तिलाही एक मुलगी आहे, तीही म्हणे बोट सोडत नाही.

थंड खोली आता थंड नाही. फळी काढली, खिडकी उघडली, आणि तिथे पुलापलीकडच्या बायकांच्या मुलांसाठी पाळणे टांगले. भिंतीतल्या नळीचं भोक बुजवलं आहे, पण जमिनीवर यंत्रांच्या पायांचे चौकोनी ठसे अजून आहेत. मुलं त्यांच्यात उभं राहून घरं-घरं खेळतात, ज्याचं त्याचं एक घर. राखणदार म्हणून शेवटचं एक काम थंडीबाईंनी निवृत्त व्हायच्या दिवशी केलं. गणितीनं यंत्रात लावलेलं आणि जादूगारानं काढून टाका म्हटलेलं ते बारकंसं काम त्यांनी काढून टाकलं नाही. ते अजूनही रोज सकाळी, कारखाना उघडायच्या आधी, वेळ दहा मिनिटं मागे ओढतं. खालची पेटी ती लगेच पुढे ढकलते. कोणाचं काही बिघडत नाही.